हसऱ्या तोंडांचा अहवाल

रिहे
बुधवार, दुपार

प्रिय स्नेहल,

तुझा फोन येऊन आठवडा होऊन गेला आणि मी अजून तुला नीट उत्तर दिलेलं नाही. तू इतकी खुशीत होतीस. "ताई, पाचही तालुक्यांत आपलं रिहे केंद्र पहिलं आलं!" असं ओरडलीसच जवळजवळ, आणि त्या 'आपलं'नं मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मी वा वा म्हटलं, तुझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि गॅसवर दूध ठेवलंय असं सांगून फोन बंद केला. गॅसवर काहीही नव्हतं. तुझा मूल्यमापनाचा अहवाल आपल्या संस्थेच्या सरांनी मला त्याच सकाळी पाठवला होता आणि त्यातलं शेवटच्या पानावरचं वाक्य मी वाचलेलं होतं. त्याबद्दल तू फोनवर अवाक्षर काढलं नाहीस, मीही काढलं नाही. आज टॅबची बॅटरी उतरली आहे, वीज नाही, बायका यायला अवकाश आहे, तेव्हा म्हटलं हातानंच लिहावं. माझं अक्षर म्हणजे अंगणात कोंबडी फिरून गेल्यासारखं, हे तूच म्हणायचीस. लागेल तेवढं वाच.

ते वाक्य असं आहे: 'उद्दिष्ट साध्य झाल्याने सदर केंद्रातून टप्प्याटप्प्याने बाहेर पडण्याची शिफारस करण्यात येते.' टप्प्याटप्प्याने म्हणजे काय, असं मी सरांना विचारलं. ते म्हणाले, मार्चअखेर. म्हणजे गेणबांनी आपल्या घरातली केंद्राला दिलेली ही पडवीलगतची खोली, जिथं आपण दोघींनी शेणानं सारवलेल्या जमिनीवर बसून वर्षानुवर्षं या खोऱ्यातल्या बायकांचं ऐकलं, ती पुढच्या महिन्यात रिकामी करायची. पाचांतलं पहिलं आलेलं केंद्र पहिलं बंद. मी हसले. सरांना वाटलं, मी समजून घेतलं. ते म्हणाले, रजनीताई, तुम्हाला आम्ही वाऱ्यावर सोडणार नाही, पुण्यात मुख्य प्रशिक्षक म्हणून या, नव्या मुलींना अ‍ॅप शिकवा. मी, जिला अजून स्वतःचा पासवर्ड पदराच्या टोकाला गाठ मारल्यासारखा लक्षात ठेवावा लागतो, ती आता इतरांना अ‍ॅप शिकवणार!

तुला वाटेल, ताई पुन्हा टॅबवर घसरली. नाही गं. मी आता भांडायला दमले आहे. आणि खरं सांगायचं तर त्या टॅबनं माझं भलंही केलंय. माझी आठवण पूर्वीसारखी राहिली नाही, कोणाच्या सुनेचं नाव कोणाच्या लेकीला लावते; तो विसरत नाही. कोणाची पेन्शन अडली, कोणाचा दाखला राहिला, हे तो वेळेवर सांगतो. पौडच्या साहेबांपुढे आकडे ठेवले की ते खुर्ची देतात, पूर्वी दारातच उभं ठेवायचे. पण दिवसभराचं काम झाल्यावर तेच काम पुन्हा त्याला सांगत बसायचं, रेंजसाठी देवळाच्या चौथऱ्यावर चढायचं, मग तो म्हणणार, ठिकाण जुळत नाही, भेट अमान्य. एखादी बाई शेतात असली तर मी शेतात जाते, पण भेट घरी झाली पाहिजे. सत्राचा वेळ पाऊण तास, कमी चालत नाही. बाई दहा मिनिटांत मनातलं बोलून मोकळी झाली, तर उरलेला वेळ मी काय तिच्या म्हशीशी गप्पा मारू? मारते. म्हैस आता मला ओळखते.

तू पहिल्यांदा मुठ्याहून इथं कामाला आलीस तेव्हाची आठवण येते. हातात एमएसडब्ल्यूची पदवी, पायात नव्या चपला आणि तोंडात प्रश्नांची सरबत्ती. रंभाबाईंच्या ओट्यावर बसून तू त्यांना विचारलंस, "तुम्हाला घरात काही त्रास आहे का?" त्या म्हणाल्या, "न्हाई बया. बरं हाय की. खातीया, पितीया, निजतीया." तू ते लिहून घेतलंस आणि गाडी सुरू करायला धावलीस. मी तुझ्यावर डोळे वटारले होते, आठवतंय? आपल्याकडे आलेल्या माणसाला घरात बसवून दुखणं सांगत नाहीत. घरात चहा देतात. मग पाव्हणीला वाटेला लावायला निघतात, पाणंदीपर्यंत, कधी पार ओढ्यापर्यंत. मागं घर दिसेनासं झालं, चेहरे समोरासमोर नसले, दोघी एकाच दिशेला बघत चालू लागल्या, की मग खरं बोलणं सुरू होतं. त्या दिवशी रंभाबाई ओढ्यापाशी थांबल्या आणि तुलाच म्हणाल्या, "पोरी, जमीन इकल्यापासनं माजा ल्योक माज्याशी बोलत न्हाई." त्यानंतर तू कधी गाडी लगेच सुरू केली नाहीस. खोऱ्यातलीच पोरगी तू, एकदा सांगून पुरलं तुला.

आता अ‍ॅपमध्ये सत्र संपल्याचं बटण घरातच दाबावं लागतं, ठिकाण जुळायला हवं ना. ते दाबलं की मी टॅब पिशवीत टाकते, चपला घालते, आणि मग बाई माझ्याबरोबर चालू लागते. म्हणजे जे काही खरं ऐकते, ते सगळं बटणानंतरचं. त्याला रकाना नाही. पहिल्या वर्षी मी ते 'इतर'मध्ये लिहायची. मग कळलं की 'इतर' कोणी वाचत नाही, त्याची बेरीज होत नाही. मग सोडून दिलं. इतकं सगळं लिहून दाखवायचं तरी कोणाला, असं होऊन जातं.

तर तुझं सर्वेक्षण. मार्गशीर्षातल्या गुरुवारी तुझ्या नव्या ऑफिसातली अनुष्का प्रश्न विचारायला आली. पोरगी गोड, बोलायला मऊ, बायकांनी तिच्या केसांचं फार कौतुक केलं. नियमाप्रमाणे मला बाहेर काढलं गेलं, कारण कार्यकर्ती समोर असली की उत्तरं बिघडतात म्हणे. मी गेणबांच्या अंगणात वाल सोलत बसले. आतून अनुष्काचा आवाज येत होता. प्रत्येक बाईला ती तेच वाचून दाखवायची: घाबरू नका, हे तुमचं मूल्यमापन नाही, हे केंद्राच्या कामाचं मूल्यमापन आहे, मोकळेपणानं उत्तरं द्या. मग टॅबवरची ती पाच तोंडं, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत, त्यांतलं एक दाबायचं. 'मागील दोन आठवड्यांत आपणास सुरक्षित वाटले का?' आमच्याकडे 'आपणास' फक्त लग्नपत्रिकेत असतं. बायका बाहेर येताना पदरात हसत होत्या, एकमेकींना कोपरं मारत होत्या. मला वाटलं, पोरीच्या मराठीला हसताहेत.

खरं काय ते गेल्या बुधवारी कळलं, तुझ्या फोनच्या दुसऱ्या दिवशी. बैठकीत मी सांगितलं की आपल्या केंद्राचा पहिला नंबर आला. टाळ्या काय, खिदळणं काय! रंभाबाई तर अशा ताठ बसल्या की त्यांचीच मिरवणूक निघाली आहे. म्हणाल्या, "समद्यांना मी सांगितलं व्हतं. त्या पोरीनं त्वांडानं कबूल केलं का न्हाई, परीक्षा आपली न्हाई, ताईची हाय? मंग! ताईच्या नोकरीचा परश्न. म्हनलं, आपापली दुखनी घरी ठिवा आन हसरं त्वांड दाबा. कुनी येडेपना करायचा न्हाई." एकीनं सुरुवातीला खरं सांगायचा विचार केला होता, तर बाकीच्यांनी तिला दारातच दम भरला होता म्हणे. शिवाय रंभाबाईंचं आणखी एक म्हणणं, "गुरवारचा उपास माजा, रडक्या त्वांडाला कशाला बोट लावू?" तुमच्या तक्त्यात दहातल्या नऊ बायका 'अत्यंत समाधानी' आहेत ना, त्या अशा झाल्या. तुम्ही धीर द्यायला जे वाक्य लिहिलंत, त्यानंच त्यांना खोटं बोलायला लावलं, आणि त्या खोटं बोलल्या ते माझ्यावरच्या मायेपोटी. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. नुसता थकवा आला.

मग मी त्यांना सांगितलं, की सगळं बरं आहे असं तुम्ही सांगितलंत, म्हणून आता ही खोली बंद होणार. बाहेर गेणबा गवताचे भारे उतरवत होते, ते थांबले. रंभाबाईंना आधी ते पटेचना. मी पुन्हा सांगितलं. तेव्हा त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आन ती पाटी. मी आत्ताच्या आत्ता रडकं दाबती." मी म्हटलं, आता नाही दाबता येत, ते बंद झालं. "दाबल्यालं परत दाबता येत न्हाई व्हय?" मी नाही म्हटलं. त्या खाली बसल्या आणि बैठक संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. बाकीच्या बायका त्यांच्याकडे अशा बघत होत्या की मला ते बघवेना.

रंभाबाईंचं काय आहे ते तुला थोडं ठाऊक आहे, पुढचं नाही. तू गेल्यानंतर चंद्रकांतनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, फार्महाऊसवाल्यांकडे देखरेखीचं काम धरलं, सून हिंजवडीला कॅन्टीनमध्ये जाते. दोघं सकाळी निघताना स्वयंपाकघराला कुलूप लावायचे. म्हातारी दिवसभर डबे उघडते, नासाडी करते, असं कारण. बाहेर एक तांब्या पाणी ठेवायचे. ज्यांच्या नावावर अर्धा डोंगर होता त्या बाई दुपारी शेजारणीच्या दारात 'सहज आले' म्हणून बसायच्या, आणि शेजारीण सहज म्हणून भाकरी पुढं करायची. हे मला कळलं तेही वाटेला लावताना, ओढ्यापाशी. पोलिसात नको, भावकीत नको, असं त्यांनी माझ्या पायावर हात ठेवून सांगितलं. मग मी काय केलं? काहीच नाही. दर बुधवारी जाऊन त्यांच्या ओट्यावर बसले. चंद्रकांत दुपारी जेवायला यायचा तर मी तिथं. बोलायची हवापाण्याचं. असे किती बुधवार गेले देव जाणे. एक दिवस तो आपणच म्हणाला, "ताई, आईला पडवीत येगळी चूल मांडून दिऊ का?" मी म्हटलं, तुझी आई, तुझं घर. चूल मांडली गेली. शिधा मिळू लागला. कुलूप निघालं.

अ‍ॅपमध्ये याला निराकरण म्हणतात. लागोपाठ तीन भेटी तक्रारीशिवाय गेल्या की ते प्रकरण आपोआप हिरवं होतं आणि यादीतून खाली जातं. रंभाबाई हिरव्या झाल्या. आणि जानेवारीत मला त्या नव्या आवृत्तीच्या प्रशिक्षणाला पुण्यात बोलावलं, दोन बुधवार बुडाले. परत आले तर चुलीत राख थंड आणि स्वयंपाकघराला कुलूप. मला बघून चंद्रकांतनं निमूटपणे खिशातून किल्ली काढली. स्नेहल, त्या घरात बदल वगैरे काही झालेला नाही. कोणीतरी येऊन बसतं, एवढंच. ते माणूस यायचं थांबलं की कुलूप परत लागतं. माझ्याकडे दुसरा पुरावा नाही, आणि तुझ्या पाच तोंडांत हा मावत नाही. एप्रिलपासून त्या बाई काय खातील, हा माझा प्रश्न आहे. बाकी मूल्यमापनाच्या पद्धतीवर तुझ्या लोकांनी खुशाल परिषदा भरवाव्यात.

शनिवारी मी सरांकडे गेले होते. सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत, त्यांनी ऐकून घेतलं, कपाळ चोळलं. म्हणाले, ताई, हे आता मागं घेतलं तर निधी देणारे म्हणतील, पाचही केंद्रांचे आकडे असेच असणार. मग आपलं मुळशीच काय, सगळंच जाईल. म्हणाले, तुम्ही फक्त 'सहमत'वर बोट ठेवा, बाकी मी बघतो. कधी बघतील, कसं बघतील, ते काही बोलले नाहीत. पोर्टलवर मला सोमवारपर्यंत मुदत आहे. एका बाजूला 'सहमत', दुसऱ्या बाजूला 'असहमत', आणि असहमत असाल तर कारण दोनशे अक्षरांत. मी लिहून बघितलं. रंभाबाईंचं नाव आणि कुलूप एवढ्यातच ती चौकट भरली. तरी मी एक वाक्य बसवलंय: बायकांनी माझी नोकरी वाचवायला खोटी उत्तरं दिली, कृपया पुन्हा विचारा. तेवढं मावतं.

घरी येऊन तुझा अहवाल पुन्हा वाचला, सावकाश, चष्मा पुसून. तुझं काम नीटनेटकं आहे, यात वाद नाही. तक्ते स्वच्छ, भाषा सरळ, तुझं नाव पहिल्या पानावर एकटं. मला अभिमान वाटला, तो खरा आहे. पण एका वाक्यावर मी अडकले, तिथून पुढं सरकताच येईना. 'उत्तरांमधील एकवाक्यता हे साधनाच्या विश्वासार्हतेचे द्योतक आहे.' दहा बायकांनी एकच उत्तर दिलं तर आपल्याकडे काय समजायचं, हे तू मला सांगायचीस गं. बाळंतपणांचा तो सर्व्हे आठव, सगळ्यांनी दवाखान्यात गेलो म्हणून सांगितलं तेव्हा तूच म्हणाली होतीस, ताई, या सगळ्या एकत्र बसून ठरवून आल्यात. आम्हीपण मुठ्यात असंच करतो, असंही म्हणालीस. तुला ती नऊ हसरी तोंडं बघून काहीच वाटलं नसेल, हे मला पटत नाही. वाटलं असेल. मग मुदत असेल, वरचे साहेब असतील, पहिलं काम वेळेत द्यायचं असेल, मारुंजीच्या फ्लॅटचं भाडं असेल. मी त्याला नावं ठेवत नाही. मीही पाऊण तास म्हशीशी बोलतेच की. पण ते वाक्य तुझं नाही. कोणी घालायला लावलं असेल तर मला सांगू नकोस, ते मला ऐकायचं नाही.

आता हे सगळं का लिहिलं ते सांगते, कारण बायका येऊ लागल्या आहेत. मी सोमवारी सकाळी 'असहमत'वर बोट ठेवणार आहे. ते ठरलंय, सरांनी कितीही कपाळ चोळलं तरी. माझं काय व्हायचं ते होवो, मला आता त्याचं फारसं वाटत नाही. पण माझं ते बोट पडलं की चौकशी लागेल, आणि कागदावर नाव एकट्या तुझं आहे. तुझी नोकरी अजून पक्की झालेली नाही, हे तुझ्या आईनंच मला सांगितलं. मी पोर्टलची माहिती वाचली, कधी नव्हे ती पूर्ण वाचली. क्षेत्रातून आक्षेप येण्याआधी अहवाल लिहिणाऱ्यानं तो स्वतःहून परत घेतला, तर त्याला दुरुस्ती म्हणतात. आक्षेपानंतर घेतला, तर चूक. म्हणून फोन केला नाही. तुझा आवाज ऐकला असता तर मी विरघळले असते आणि सोमवारी 'सहमत' म्हणून बसले असते. हे पत्र उद्या पौडहून कुरियरनं पाठवते, परवा तुझ्या हातात पडेल. रविवारी रात्रीपर्यंत मी पोर्टल उघडणार नाही. तोवर ते तुझ्या हातात आहे, बाळा. सोमवारी माझ्या हातात येईल, आणि तेव्हा मी तुला वाचवू शकणार नाही.

तुझीच,
रजनीताई